फ्रीजरमधले ९०,००० डॉलर: २००६ मध्ये निवडून आलेले जेफरसन २००८ मध्ये का पडले?

चौकस

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे माजी सदस्य विल्यम जेफरसन यांच्या दोन निवडणुकांविषयी एक प्रश्न आहे. हे डेमोक्रॅटिक पक्षाचे गृहस्थ लुइझियाना राज्याच्या दुसऱ्या मतदारसंघातून, म्हणजे मुख्यतः न्यू ऑर्लिन्स शहरातून, १९९० पासून सलग निवडून येत होते. ३ ऑगस्ट २००५ रोजी एफबीआयने त्यांच्या वॉशिंग्टनमधील घराची झडती घेतली, तेव्हा फ्रीजरमध्ये ९०,००० डॉलर रोख सापडले. दहा-दहा हजारांची पुडकी करून, ती अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, गोठवलेल्या खाद्यपदार्थांच्या खोक्यांत कोंबलेली होती. त्याआधी चारच दिवस, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन येथील एका हॉटेलापाशी, एका गुंतवणूकदार महिलेकडून एक लाख डॉलरची बॅग घेताना त्यांचे गुप्तपणे चित्रीकरण झाले होते. ती महिला एफबीआयला सामील होती, हे त्यांना अर्थातच ठाऊक नव्हते.

मे २००६ मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून हा सारा तपशील जगजाहीर झाला. त्याच महिन्यात एफबीआयने त्यांच्या संसदेतील कार्यालयावरही छापा घातला. विद्यमान सदस्याच्या कार्यालयावर असा छापा पूर्वी कधी पडला नव्हता. एवढे होऊनही डिसेंबर २००६ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना सुमारे ५७ टक्के मते देऊन परत पाठवले. मग डिसेंबर २००८ मध्ये मात्र ते हरले, आणि तेही जवळजवळ अनोळखी अशा एका रिपब्लिकन उमेदवाराकडून. दोन्ही वेळा ते कायद्याच्या दृष्टीने निर्दोषच होते, कारण खटल्याचा निकाल ऑगस्ट २००९ मध्ये लागला.

मतदार दोन वर्षांत शहाणे झाले, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे की या दोन वर्षांत नेमके काय बदलले. जाता जाता हेही विचारतो, की आरोपपत्र दाखल झालेला माणूस तिथे उमेदवार होऊच कसा शकतो?

साकव

उत्तर सरळ आहे असे मला वाटते. २००६ मध्ये केवळ चौकशी चालू होती. ४ जून २००७ रोजी ग्रँड ज्युरीने (खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) लाचखोरी, संघटित गुन्हेगारी, पैशांचे अवैध हस्तांतर अशा एकूण १६ कलमांखाली आरोप निश्चित केले. ‘चौकशीत काही निष्पन्न होणार नाही’ असे म्हणणाऱ्या समर्थकांची जागा त्या दिवशी संपली. त्यांचा एक माजी सहायक आणि केंटकीतील एका दूरसंचार कंपनीचा प्रमुख या दोघांनी २००६ मध्येच गुन्हा कबूल केला होता. लोकांना उमगायला थोडा वेळ लागतो, इतकेच.

बायूकाठ

साकव, आपण म्हणता तसा आरोपपत्राचा परिणाम झाला असेलच, पण २००६ चे न्यू ऑर्लिन्स डोळ्यांसमोर आणल्याशिवाय त्या वर्षीचा निकाल समजणार नाही. मी पुढे काही वर्षे त्या शहराच्या उपनगरात राहिलो. मतदानाचा हक्क मला नव्हता. शेजाऱ्यांकडून आणि सहकाऱ्यांकडून जे ऐकले आणि स्थानिक वर्तमानपत्रांत जे वाचले, त्यावरून लिहितो.

झडतीनंतर चार आठवडेही उलटले नव्हते तोच, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कतरिना चक्रीवादळ आले, कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि बहुतांश शहर पाण्याखाली गेले. वर्षभरानंतरही शहराची निम्मी लोकसंख्या परतलेली नव्हती. ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूज अशा ठिकाणी माणसे विखुरली होती. जे परतले त्यांनी पहिले काम केले ते म्हणजे आठवडेच्या आठवडे विजेशिवाय बंद राहिलेला, आतले अन्न सडलेला फ्रीज चिकटपट्टीने घट्ट बांधून पदपथावर आणून ठेवणे. गल्लोगल्ली अशा फ्रीजांच्या रांगा लागल्या होत्या आणि लोक त्यांच्या पांढऱ्या दारांवर रंगाने राजकारण्यांना उद्देशून टोमणे लिहीत. अशा शहरात खासदाराच्या फ्रीजरमधून नोटा निघाल्याची बातमी आल्यावर विनोदांना किती ऊत आला असेल याची कल्पना करा. तरीही हसणे निराळे आणि मत देणे निराळे.

मत देताना लोक वेगळा हिशेब करत होते. जेफरसन हे अमेरिकी यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर, म्हणजे एकोणिसाव्या शतकानंतर, लुइझियानातून निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी. हार्वर्डमधून कायदा शिकलेला, राज्याच्या अगदी उत्तर टोकाच्या लेक प्रॉव्हिडन्ससारख्या गरीब गावातून वर आलेला हा माणूस सोळा वर्षांत कर-समितीपर्यंत पोहोचला होता. पुनर्वसनाचा निधी वॉशिंग्टनहून यायचा असताना ज्येष्ठ सदस्य घालवून नवखा पाठवावा का, हा प्रश्न काही अगदीच अप्रामाणिक नव्हता. जून २००६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानेच त्यांना त्या समितीवरून काढले आणि ज्येष्ठतेचा मुद्दा अर्धा निकालात निघाला. पण झाले उलटेच. आरोपपत्र नसताना अशी कारवाई पूर्वी कोणावर केली होती, असा सवाल संसदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने विचारला आणि मतदारसंघात अन्यायाची भावना बळावली. वादळानंतर केंद्र सरकारने ज्यांना घरांच्या छपरांवर आणि आसऱ्याला घेतलेल्या शहरातल्या सभागृहात दिवसेंदिवस ताटकळत ठेवले, त्यांना त्याच केंद्र सरकारची तपास यंत्रणा अचानक विश्वासार्ह का वाटावी?

याचा अर्थ जेफरसन यांच्यावर लोक प्रसन्न होते असा नव्हे. वादळानंतर, २ सप्टेंबर २००५ रोजी, बचावकार्य चालू असताना नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचा ट्रक त्यांच्या घराकडे वळवला गेला आणि त्यांनी घरातले सामान बाहेर काढले, ही बातमी अनेकांच्या मनात फ्रीजरपेक्षाही जास्त डाचत होती. मतदारसंघाची पाहणी करायला निघालो होतो, असा खुलासा त्यांनी केला. तो कोणाला पटला आणि कोणाला नाही, हे बहुधा आधीच ठरलेले होते.

आता २००६ च्या मतदानाकडे येऊ. ७ नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत तेरा उमेदवार होते. जेफरसन यांना जेमतेम ३० टक्के मते मिळाली, म्हणजे दर दहांपैकी सात मतदारांनी त्यांना नाकारले. दुसऱ्या क्रमांकावर राज्य विधिमंडळातील सदस्य कॅरन कार्टर होत्या, २२ टक्क्यांवर. त्याही डेमोक्रॅट, त्याही कृष्णवर्णीय, आणि राज्यातील पक्षसंघटनेचा अधिकृत पाठिंबाही त्यांनाच होता. दुसऱ्या फेरीत त्या जिंकणार असेच बाहेरच्या निरीक्षकांना वाटत होते.

त्यांना आडवे गेले ते शेजारच्या जेफरसन पॅरिशचे शेरीफ हॅरी ली. (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा, शेरीफ म्हणजे त्याचा पोलीसप्रमुख; उमेदवाराचे आणि जिल्ह्याचे नाव एक असणे हा निव्वळ योगायोग.) वादळानंतर न्यू ऑर्लिन्समधून पायी बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांना मिसिसिपी नदीच्या पुलावर त्याच जेफरसन पॅरिशमधल्या ग्रेटना गावच्या पोलिसांनी अडवले होते. कार्टर यांनी एका माहितीपटात त्यावर कडक टीका केली होती. ली यांना ती झोंबली आणि त्यांनी पत्रके वाटून, जाहीरपणे, कार्टर यांना मत देऊ नका असे सांगितले. नदीपलीकडच्या त्या पट्ट्यात ली यांचा शब्द चालत असे. शिवाय पहिल्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर राहिलेले, त्याच भागातले डेरिक शेपर्ड यांनीही जेफरसन यांना पाठिंबा दिला. (हे शेपर्ड पुढे २००८ मध्ये स्वतःच एका आर्थिक गुन्ह्यात दोषी ठरले, लुइझियानाच्या राजकारणात अशा जोडकथांचा तोटा नाही.) त्यामुळे जे गोरे, पुराणमतवादी मतदार एरवी जेफरसन यांच्या जवळपासही फिरकले नसते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पुलाच्या रागापोटी त्यांना मत दिले. भ्रष्टाचार हा मुद्दा मतपत्रिकेवर असला, तरी तो एकटा कधीच नसतो.

तारीखवार

बायूकाठ यांनी २००६ चे चित्र उत्तम उभे केले आहे, त्यामुळे मी फक्त २००८ विषयी लिहितो. माझ्या मते त्या वर्षी मतदारांच्या मतापेक्षा निवडणुकीची पद्धत आणि तारीख बदलली, आणि निकाल प्रामुख्याने त्यातून आला.

लुइझियानात प्रतिनिधिगृहासाठी तोवर सर्व पक्षांचे सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असत आणि कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होत असे, मग ते दोघे एकाच पक्षाचे असले तरी चालत असे. डेमोक्रॅटिक मतदारांचे एवढे प्राबल्य असलेल्या मतदारसंघात त्या पद्धतीने रिपब्लिकन उमेदवार अंतिम लढतीपर्यंत पोहोचणेच अवघड होते. २००८ साठी राज्याने ही पद्धत बदलून पक्षवार प्राथमिक निवडणुका आणल्या, म्हणजे प्रत्येक पक्षाने आधी आपला एक उमेदवार ठरवायचा. त्यामुळे रिपब्लिकन पक्षाचा एक उमेदवार, त्याला कितीही कमी लोक ओळखत असले तरी, अंतिम मतपत्रिकेवर आपोआप येणार होता. हे उमेदवार म्हणजे आन जोसेफ काओ.

मूळ वेळापत्रक असे होते, की प्राथमिक फेरी ६ सप्टेंबरला, गरज पडल्यास पक्षांतर्गत दुसरी फेरी ४ ऑक्टोबरला आणि अंतिम निवडणूक ४ नोव्हेंबरला, अध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबर. पण १ सप्टेंबरला गुस्ताव चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर धडकले, शहर पुन्हा रिकामे करावे लागले आणि सगळे एक-एक महिना पुढे ढकलले गेले. प्राथमिक फेरी ४ ऑक्टोबरला झाली. सहा प्रतिस्पर्धी असल्यामुळे जेफरसन यांना पंचवीसेक टक्केच मते मिळाली आणि टीव्ही पत्रकार हेलेना मोरेनो यांच्याशी त्यांची दुसरी फेरी ठरली. ती पडली ४ नोव्हेंबरला. साहजिकच अंतिम निवडणूक ६ डिसेंबरला गेली.

आता आकडे पाहा. ४ नोव्हेंबरला ओबामांना मत देण्यासाठी जे प्रचंड संख्येने बाहेर पडले, त्यांनी त्याच दिवशी पक्षांतर्गत फेरीत जेफरसन यांना ९० हजारांहून अधिक मते दिली आणि मोरेनो यांना हरवले. बत्तीस दिवसांनी, मुख्य लढतीत, त्याच जेफरसन यांना ३१,३१८ मते पडली. काओ यांना ३३,१३२ मते मिळाली. फरक दोन हजारांचाही नाही. म्हणजे नोव्हेंबरमध्ये ज्यांनी जेफरसन यांना पसंती दिली, त्यांतले निदान साठ हजार लोक डिसेंबरमध्ये एक तर घरी राहिले किंवा दुसरीकडे वळले. आणि काओ यांची एकूण मतेच तेहतीस हजार आहेत हे पाहता, बहुसंख्य घरीच राहिले यात शंका नाही. आरोपपत्र सतरा महिने जुने असताना नव्वद हजार लोकांनी त्यांना मत दिले, ही गोष्ट साकव यांच्या उत्तरात बसत नाही.

गुस्ताव आले नसते, तर अंतिम लढत ४ नोव्हेंबरलाच झाली असती, ओबामांच्या नावाच्या खाली जेफरसन यांचे नाव असते आणि ते निवडून आले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

साकव

तारीखवार, आपले आकडे मान्य. निष्कर्ष पूर्ण मान्य नाही. कमी मतदान हेच कारण असेल, तर २००६ ची निर्णायक फेरीसुद्धा डिसेंबरातलीच होती आणि तेव्हाही दोघा उमेदवारांना मिळून सुमारे ६२ हजारच मते पडली होती. २००८ च्या डिसेंबरात चौघांना मिळून ६७ हजारांच्या आसपास पडली. म्हणजे मतदान दोन्ही वेळा जवळपास सारखेच कमी होते, तरी एकदा जेफरसन आठ हजारांनी जिंकले आणि एकदा हरले. मग फरक कशाचा?

तारीखवार

फरक समोर कोण होते याचा. प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कार्टर यांच्यामागे जायला २००६ मध्ये एका गटाकडे कारण होते, तर दुसऱ्या गटाकडे त्यांना विरोध करण्याचे कारण होते. काओ यांच्यावर राग धरावा असे कोणाकडेच काही नव्हते, आणि अनोळखी असण्याचा हाच फायदा असतो. सायगावमध्ये १९६७ साली जन्मलेले, १९७५ मध्ये आठ वर्षांचे असताना तिथून निसटलेले, काही वर्षे जेझुइट पंथात धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेतलेले आणि मग वकील झालेले हे गृहस्थ न्यू ऑर्लिन्स ईस्टमधल्या व्हिएतनामी वस्तीत परिचित होते. कतरिनानंतर सर्वांत आधी परतून घरे उभी करणाऱ्यांत ही वस्ती होती. २००६ मध्ये तिच्याजवळच वादळाचा राडारोडा टाकण्यासाठी कचराभूमी उघडली गेली, तेव्हा मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम या चर्चभोवती एकवटलेल्या लोकांनी आंदोलन करून ती बंद पाडली. आधी महापालिकेत ज्यांचा आवाज ऐकू येत नसे, त्यांना संघटित होण्याची सवय लागली ती तिथे. काओ त्या लढ्यातले.

शिवाय नदीपलीकडच्या गोऱ्या रिपब्लिकन मतदाराला २००६ मध्ये दोन डेमोक्रॅटांतून एक निवडायचा होता; त्याचे मत राग काढण्यापुरतेच उरले होते. २००८ मध्ये त्याच्या पक्षाचा माणूस समोर होता, जिंकण्याची शक्यता दिसत होती आणि ओबामांच्या विजयामुळे तो इरेलाही पेटला होता. शेरीफ ली यांचे तर २००७ मध्ये निधन झाले होते. उलट डेमोक्रॅटिक मतदाराला वाटत होते, की महिन्याभरापूर्वी आपण इतिहास घडवला, आता या मतदारसंघात रिपब्लिकन कसा येईल? १८९१ नंतर आला नव्हता ना. आणि जेफरसन यांच्यासाठी शनिवारी मुद्दाम उठून जावे असा उत्साह कोणालाच नव्हता. इथे मात्र आपला मुद्दा मी मान्य करतो: आरोपपत्रामुळे त्यांचे मतदार काओंकडे गेले नाहीत, पण घरी बसले.

कायदेकानू

चौकस यांच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही.

अमेरिकी राज्यघटनेत प्रतिनिधिगृहाच्या सदस्यासाठी तीनच अटी आहेत: वय किमान पंचवीस, नागरिकत्वाला किमान सात वर्षे पूर्ण आणि निवडणुकीच्या वेळी त्या राज्यात वास्तव्य. आरोपपत्र तर सोडाच, शिक्षा झालेली असली तरी घटना उमेदवारीला आड येत नाही. हार्लेमचे ॲडम क्लेटन पॉवेल यांना गैरव्यवहारांच्या आरोपांवरून प्रतिनिधिगृहाने १९६७ मध्ये प्रवेशच नाकारला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्णय दिला की घटनेतल्या अटी पूर्ण करणाऱ्या निर्वाचित सदस्याला सभागृह दारातून परत पाठवू शकत नाही. आत घेतल्यावर दोन-तृतीयांश बहुमताने त्याला काढता येते, आणि हा अधिकार फार क्वचित वापरला गेला आहे. आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाल्यास अपात्रता येते आणि २०१३ पासून ती विद्यमान सदस्यालाही तत्काळ लागू होते. पण नुसते आरोपपत्र आपल्याकडेही आड येत नाही, हे विसरू नये.

खटल्याविषयी थोडे. मे २००६ च्या छाप्यावरून दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी एकत्र येऊन निषेध केला होता. रिपब्लिकन सभापती हॅस्टर्ट आणि डेमोक्रॅटिक नेत्या पेलोसी यांचे एकमत होणे ही त्या काळी दुर्मीळच गोष्ट. संसदेच्या कामकाजाला घटनेने दिलेल्या संरक्षणाचा तो प्रश्न होता, आणि २००७ मध्ये अपील न्यायालयाने जेफरसन यांचे म्हणणे अंशतः मान्यही केले. तरी ५ ऑगस्ट २००९ रोजी ज्युरीने त्यांना १६ पैकी ११ कलमांखाली दोषी ठरवले आणि न्यायाधीश टी. एस. एलिस यांनी १३ वर्षांची शिक्षा सुनावली, जी तोवर एखाद्या संसद सदस्याला झालेली सर्वांत मोठी होती. गंमत अशी, की परदेशी अधिकाऱ्याला लाच देण्याविषयीचे जे स्वतंत्र कलम फ्रीजरमधल्या पैशांशी थेट जोडलेले होते, त्यातून ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले. ते पैसे नायजेरियाच्या तत्कालीन उपाध्यक्षांसाठी होते असा सरकारी पक्षाचा आरोप होता; पैसे मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर मॅकडॉनेल यांच्या खटल्यात ‘अधिकृत कृती’ची व्याख्या बरीच आकुंचित केली. कोणाची भेट घालून देणे किंवा बैठक ठरवून देणे एवढ्याने लाचखोरी सिद्ध होत नाही, असे ठरले. त्या आधारावर न्यायाधीश एलिस यांनीच ऑक्टोबर २०१७ मध्ये जेफरसन यांच्यावरील बहुतेक कलमे रद्द केली, त्यांची सुटका झाली आणि डिसेंबरमध्ये भोगलेल्या साडेपाच वर्षांवर प्रकरण मिटले. माझ्या मते हा निकाल कायद्याला धरून आहे आणि सार्वजनिक जीवनाच्या दृष्टीने घातक आहे.

चौकस

सर्वांचे आभार. काओ पुढे टिकले का? आणि आताही तीच निवडणूक पद्धत आहे का?

तारीखवार

काओ टिकले नाहीत. प्रयत्न त्यांनी प्रामाणिक केला. नोव्हेंबर २००९ मध्ये आरोग्यसेवा विधेयकाच्या प्रतिनिधिगृहातील मसुद्याला मत देणारे ते एकमेव रिपब्लिकन होते. आपल्या मतदारसंघाची गरज त्यांना कळत होती. पण मार्च २०१० मध्ये, गर्भपाताच्या निधीच्या मुद्द्यावरून, अंतिम विधेयकाच्या विरोधात त्यांनी मत दिले आणि दोन्हीकडचे लोक दुखावले. नोव्हेंबर २०१० मध्ये डेमोक्रॅट सेड्रिक रिचमंड यांनी त्यांच्या जवळपास दुप्पट मते मिळवून त्यांना हरवले. त्या दिवशी मतदानही डिसेंबर २००८ च्या दुपटीच्या आसपास होते.

पद्धतीचे म्हणाल, तर पक्षवार प्राथमिक फेऱ्या त्या वेळी फक्त २००८ आणि २०१० या दोनच निवडणुकांत वापरल्या गेल्या. नंतर राज्य पुन्हा सर्वांच्या एकत्र मतपत्रिकेकडे वळले. जानेवारी २०२४ मध्ये मात्र विधिमंडळाने कायदा करून २०२६ पासून प्रतिनिधिगृहासाठी पक्षवार प्राथमिक फेऱ्या परत आणल्या आहेत. या खेपेला त्यामागचे हिशेब रिपब्लिकन पक्षातल्या अंतर्गत भांडणांचे आहेत. जेफरसन-काओ लढतीचा कोणी विचार केला असेल असे वाटत नाही.